संगणकाचें काम हातीं घेण्यापूर्वीं

आपल्या गांवोगांवच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांच्या कारभारांत सध्यां एक मोठा फेरबदल होत आहे. १९०४ च्या कायद्यानें ज्या सहकारी पतपुरवठ्याचा पाया घातला गेला, तो आजवर रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज ह्या तीन वह्यांच्या आधारानें चालत आला. ते हिशेब आतां संगणकावर जात आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळानें २९ जून २०२२ रोजीं देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिली, त्यासाठीं पांच वर्षांत २,५१६ कोटि रुपये खर्च योजिला, आणि सर्व संस्थांना एकच सामाईक आज्ञावली, म्हणजे व्यवहारांत जिला सॉफ्टवेअर म्हणतात ती, पुरविण्याचें काम नाबार्डकडे सोंपविलें. पुढें संस्थांची ही संख्या वाढविण्यांतहि आली.

यंत्र येईल, आज्ञावली येईल, ती शिकविणारा मनुष्यहि चार दिवस येऊन जाईल. परंतु हें सर्व काम ओळीनें, वेळेवर आणि सभासदांचें नुकसान न होतां तडीस नेणारा मनुष्य कोठून यावयाचा? तो बाहेरून येणार नाहीं. तो आपल्यापैकींच कोणी संचालक, गटसचिव किंवा शिकलेला सभासद असावा लागेल, आणि त्यानें ही विद्या शिकावी लागेल. ह्या विद्येस माहिती तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांचें व्यवस्थापन असें भारदस्त नांव आहे. नांव ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, ही शहरांतील पदवीधरांची बाब. शेतकऱ्यास तिच्याशीं काय कर्तव्य? प्रस्तुत लेखकाचें मतहि पूर्वीं असेंच होतें. तें मत आमच्या संस्थेस किती महाग पडलें हें प्रथम सांगतों. कारण दुसऱ्याच्या शेतांतील नुकसान पाहून जो शहाणा होतो, त्याचें स्वतःचें पीक वांचतें.

आमची पहिली फजिती

२०१४ सालीं आमच्या संस्थेनें स्वतःच्या खर्चानें संगणक घेतला. संचालक मंडळानें जी उपसमिति नेमिली तिचा अध्यक्ष मी होतों. आम्हीं तीन ठिकाणचे भाव मागविले आणि ज्याचा भाव सर्वांत कमी त्यास काम दिलें. आज्ञावलीनें नेमकें काय करावयाचें हें आम्हीं कागदावर लिहून काढलें नाहीं. "संस्थेचे सर्व हिशेब" एवढे तीन शब्द करारांत होते. मार्चअखेर वर्ष संपतें म्हणून १ एप्रिलपासून नवी पद्धत चालू करावयाची, असें ठरलें. त्यासाठीं मार्च महिन्यांतच दोन मुलांस बसवून खतावणीवरून प्रत्येक सभासदाची येणें बाकी यंत्रांत भरून घेतली. १ एप्रिल रोजीं जुन्या वह्यांस दोरी बांधून त्या कपाटांत ठेविल्या, नारळ फोडला आणि पेढे वांटले.

मार्च महिना म्हणजे वसुलीचा महिना. गटसचिव दिवसभर वसुलीच्या मागें असत. रोजच्या पावत्या रोजकीर्दीस चढत होत्या. परंतु शेवटच्या आठवड्यांतील जमा खतावणीस चढावयाची राहिली होती. मुलांनीं खतावणीवरची बाकी जशीच्या तशी उतरवून घेतली. त्यांच्याकडे दोष नाहीं. त्यांस जें सांगितलें तें त्यांनीं केलें. तेरीज जुळवून पाहावी हें मात्र कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

मे महिन्यांत खरिपाच्या कर्जासाठीं कमाल मर्यादा पत्रक तयार करण्याची वेळ आली. तें यंत्रांतून काढलें तेव्हां एकोणीस सभासद थकबाकीदार निघाले. ते सर्व मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत पैसे भरून मोकळे झालेले होते. त्यांत एक विधवा बाई होत्या. अंगावरचा दागिना मोडून त्यांनीं कर्ज फेडलें होतें. कारण वेळेवर फेड केली म्हणजे व्याजाची सवलत मिळते आणि नवें कर्ज अडत नाहीं, हें मींच त्यांस सांगितलें होतें. त्या संस्थेंत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पावती माझ्या पदराला बांधलेली आहे, आणि तुमचं यंत्र म्हणतं मी थकले. मग आम्हा दोघांत खोटं कोण?"

ह्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. यंत्र खोटें बोललें नव्हतें. आम्हीं त्यास जें भरविलें तेंच त्यानें सांगितलें. चूक दुरुस्त करण्यास, बँकेकडून पत्रक पुन्हां मंजूर होऊन येण्यास पांच आठवडे लागले. तेवढ्यांत मृगाचा पाऊस होऊन गेला. बाईंनीं बियाणें आणि खत सावकारी उधारीनें उचललें, तरीहि पेरणी लांबलीच. त्या वर्षीं त्यांच्या शेतांत जें कमी पिकलें, त्याची नोंद कोणत्याहि वहींत नाहीं. पण ती माझ्या खातीं नांवें पडलेली आहे असें मी समजतों. वर्षअखेरीस यंत्र बाजूस ठेवून आम्ही पुन्हां वह्यांवर आलों.

हें दुःख एकट्या खेड्याचें नाहीं

पुढें ह्या विषयाचें कांहीं वाचन केलें तेव्हां कळलें कीं, ज्या चुका आम्हीं केल्या त्या जगांतील मोठमोठ्या शहाण्यांनींहि केलेल्या आहेत. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें नाटो संघटनेच्या विद्यमानें तज्ज्ञांची परिषद भरली. आज्ञावलीचीं कामें ठरल्या वेळीं पुरीं होत नाहींत, अंदाजापेक्षां खर्च फार होतो आणि हातीं येणारें काम भरंवशाचें नसतें, ह्या संकटाचा तेथें उघड ऊहापोह झाला.

अमेरिकेंतील आय. बी. एम्. कंपनीनें ह्याच दशकांत आपल्या नव्या संगणकांसाठीं एक प्रचंड आज्ञावली लिहविली. त्या कामावर एका वेळीं हजाराहून अधिक माणसें होतीं, तरी तें रेंगाळलें. त्याचे प्रमुख फ्रेडरिक ब्रूक्स ह्यांनीं स्वतःच्या अनुभवावर १९७५ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील मुख्य सिद्धान्त असा कीं, मागें पडलेल्या संगणकी कामावर आणखी माणसें घातलीं तर तें अधिकच मागें पडतें. शेतकऱ्यास हें प्रथम चमत्कारिक वाटेल. कापूस वेचणीस दहा बायकांऐवजीं वीस लावल्या तर काम निम्म्या वेळांत होतें. कारण एकीचें काम दुसरीवर अवलंबून नसतें. पण ज्वारी पोटरींत येण्यास जे दिवस लागतात, ते रानांत राखणदार वाढविल्यानें कमी होत नाहींत. संगणकी काम कांहींसें ह्या दुसऱ्या जातीचें. त्यांत प्रत्येकाचें काम दुसऱ्याच्या कामांत गुंतलेलें असतें. पांच माणसें असलीं तर त्यांच्यांत एकमेकांस सांगण्याविचारण्याचे दहा मार्ग होतात; दहा असलीं तर पंचेचाळीस, आणि वीस असलीं तर एकशें नव्वद. शिवाय नव्या माणसास काम समजावून देण्यांत जुन्या माणसाचा वेळ जातो तो निराळाच.

ब्रूक्स ह्यांनीं वेळाची एक वांटणीहि दिलेली आहे. एकंदर वेळाचा तिसरा हिस्सा योजना करण्यास, केवळ सहावा हिस्सा प्रत्यक्ष आज्ञावली लिहिण्यास, आणि उरलेला अर्धा वेळ तपासणीस राखावा. आम्हीं आमच्या संस्थेंत तपासणीस किती वेळ दिला होता? एक दिवसहि नाहीं. नांगरटीस एक दिवस, पेरणीस एक दिवस, आणि निंदणीखुरपणीस मुळींच नाहीं, असा तो प्रकार होता.

लंडन शहराचा धडा

एकदम सर्व जुनें सोडून सर्व नवें धरल्यानें काय होतें, ह्याचें उदाहरण लंडन शहराचें आहे. तेथील रुग्णवाहिका दूरध्वनि येतांच कोठें धाडावयाच्या हें पूर्वीं कागदाच्या चिठ्ठ्यांवर ठरविलें जात असे. हें काम संगणकावर नेण्यासाठीं निविदा मागविल्या. अत्यंत कमी भावाची निविदा पत्करली गेली आणि मुदतहि तुटपुंजी ठेवली. २६ आक्टोबर १९९२ रोजीं संपूर्ण शहरासाठीं एकदम नवी पद्धति सुरू झाली. कोणती गाडी कोठें आहे ह्याची यंत्रांतील माहिती चुकीची होऊं लागली, एकाच ठिकाणीं दोन गाड्या जाऊं लागल्या आणि कांहीं ठिकाणीं गाडीची वाट पाहत लोक ताटकळले. दोन दिवसांतच अर्धें काम पुन्हां हातांनीं करावें लागलें. ४ नोव्हेंबरच्या पहांटे यंत्र अजीबात बंद पडलें आणि ऐन वेळीं कामास यावयाची दुसरी सोयहि चालली नाहीं. लोक पुन्हां कागदाकडे वळले.

ह्या प्रकरणाची रीतसर चौकशी झाली. पुढें त्याच खात्यानें कर्मचाऱ्यांस बरोबर घेऊन, सावकाश, थोडें थोडें करून १९९६ सालीं नवी पद्धति बसविली आणि ती चालली. शहर तेंच, खातें तेंच आणि यंत्राची जातहि तीच. फरक पडला तो काम हांकण्याच्या रीतींत.

शेजारच्या प्रांतांतील यश

आतां यशाचें उदाहरण पाहूं, आणि तें आपल्या शेजारचेंच आहे. कर्नाटक राज्यानें 'भूमि' ह्या नांवानें जमिनीच्या हक्कनोंदींचें संगणकीकरण केलें. १९९१ च्या सुमारास जो प्रथम प्रयत्न झाला, त्यांत जुनी माहिती यंत्रांत भरण्याची तजवीज होती, पण रोजचे फेरफार चढविण्याची नव्हती. सहा महिन्यांत अशी माहिती शिळी होते आणि शिळ्या माहितीवर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. पुढें राजीव चावला ह्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं काम पुन्हां हातीं घेतलें गेलें. सुमारें ६७ लाख खातेदारांचे सुमारें २ कोटि उतारे १७७ तालुक्यांच्या ठिकाणीं यंत्रांत गेले.

ह्या कामांत तीन गोष्टी आपण लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, यंत्रांत भरलेली माहिती गांवच्या हिशेबनिसांकडूनच तपासून घेतली; ज्यास गांवची नोंद तोंडपाठ, त्यासच तपासनीस केलें. दुसरी, फेरफाराचे अर्ज ज्या क्रमानें आले त्याच क्रमानें निकालांत काढण्याचा नियम आज्ञावलींतच घातला आणि कामावरील मनुष्याची ओळख त्याच्या बोटाच्या ठशावरून पटविली, म्हणजे पुढें "हें मीं केलें नाहीं" म्हणण्यास जागा उरूं नये. तिसरी, खिडकीबाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे तोंड करून दुसरा पडदा ठेविला, म्हणजे आंत काय लिहिलें जातें तें त्यास दिसावें. पंधरा रुपयांस उतारा मिळूं लागला. हातानें लिहिलेले उतारे बंद केले ते संगणकी नोंदी तयार झाल्यावर, आधीं नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांतहि सातबाराच्या संगणकीकरणांत २०१७ सालीं चावडी वाचनाची मोहीम निघाली. यंत्रांतून निघालेला सातबारा गांवासमोर वाचावयाचा, आणि हस्तलिखिताशीं जेथें फरक पडेल तेथें खातेदारानें हरकत सांगावयाची, अशी ती रीत. आमच्या आजोबांच्या काळींहि चावडीवर वाचन होत असे. तज्ज्ञ लोक ज्यास वापरणाऱ्यांकडून चाचणी म्हणतात, तें हेंच. आपल्यास जी रीत ठाऊकच होती ती २०१४ सालीं आम्हांस सुचली नाहीं, ह्याचें आतां आश्चर्य वाटतें.

दुसऱ्या प्रयत्नाची हकीकत

नव्या योजनेंत आमच्या संस्थेचें नांव आलें तेव्हां मंडळानें तें काम पुन्हां माझ्याच गळ्यांत घातलें. मीं नकार दिला. तेव्हां त्याच विधवा बाई, ज्या आतां संचालक मंडळावर आहेत, सभेंत म्हणाल्या, "ज्याच्या हातून एकदां बैल उधळला, त्यालाच पुढच्या खेपेला कासरा आवळून धरायचं कळतं." ह्यावर बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं.

२०२३ च्या पावसाळ्यांत आम्ही तयारीस लागलों. आज्ञावली वरून येणार असल्यामुळें तिचा भाव किंवा घडण आमच्या हातीं नव्हती. पण काम कसें लावावयाचें तें हातीं होतें. गटसचिव, एक तरुण पदवीधर शेतकरी, दोन कर्जदार सभासद आणि मी अशी पांच जणांची समिति केली. कर्जदार सभासद मुद्दाम घेतले. कारण चूक झाली तर ती त्यांच्या अंगावर येते.

प्रथम एका फुलस्केप कागदावर यंत्रानें काय करावयाचें तें लिहिलें : कर्जखातीं, भागभांडवल, ठेवी. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूस पहिल्या वर्षीं काय करावयाचें नाहीं तेंहि लिहिलें : खतविक्रीचा हिशेब आणि धान्य गोदामाचा हिशेब. पुढें जो कोणी "एवढें तेवढेंहि करून टाका" म्हणे, त्यास हा कागद दाखवीत असूं. ही मर्यादा घालणें हें व्यवस्थापकाचें पहिलें काम होय. विहीर खणतांना मध्येंच "तिला जोडून हौदहि बांधूं" म्हणणारे पुष्कळ असतात. परंतु पाणी लागण्यापूर्वीं हौद बांधणारा शेवटीं दोहोंसहि मुकतो.

नंतर भिंतीवर एक तक्ता लाविला. हेन्री गँट नांवाच्या अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञानें सुमारें शंभर वर्षांपूर्वीं ही रीत रूढ केली. वर आठवडे मांडावयाचे, डावीकडे कामें लिहावयाचीं आणि प्रत्येक काम किती आठवडे चालेल तेवढी लांब पट्टी काढावयाची. त्यावरून कोणतें काम कशावर अडलें आहे तें डोळ्यांस दिसतें. शेतींत शेणखत चार दिवस उशिरा टाकलें तरी निभावतें, पण कुळवणी राहिली तर पाभर चालत नाहीं. अशा ज्या कामांच्या ओळीवर सर्व कामाची मुदत अवलंबून असते, ती ओळ ओळखून तिजवर रोज नजर ठेवावी लागते. आमच्या कामांत ती ओळ अशी निघाली : खतावणी पुरी करणें, तेरीज जुळविणें, बाकी यंत्रांत भरणें, ती सभासदांस वाचून दाखविणें, आणि मग नवी पद्धति चालू करणें. संगणक ठेवण्याची खोली रंगविणें ह्या ओळींत नव्हतें. २०१४ सालीं आम्हीं सर्वांत अधिक वेळ त्याच कामांत घालविला होता.

तेरीज जुळविण्यांत सात रुपयांचा फरक निघाला. तो सोडून द्यावा असें एकदोघांचें मत पडलें. परंतु सात रुपये म्हणजे केवळ सात रुपये नव्हेत. शंभर रुपये एकीकडे जास्त आणि त्र्याण्णव दुसरीकडे कमी असेंहि असूं शकतें. तीन आठवडे शोध केल्यावर तसेंच निघालें. एका सभासदाच्या भागाची रक्कम दोनदां जमा धरली होती आणि दुसऱ्यानें भरलेलें व्याज मुळींच जमा पडलें नव्हतें. वहींतील घाण यंत्रांत गेली म्हणजे ती घाण जात नाहीं, केवळ स्वच्छ अक्षरांत दिसूं लागते.

दिवाळीनंतर नोंदी भरण्यास आरंभ केला. जानेवारी २०२४ मध्यें वाडीवार सभासद बोलावून प्रत्येकास त्याची बाकी वाचून दाखविली आणि सही घेतली. ह्या वाचनांत चौदा चुका सांपडल्या. कोणाच्या नांवांत, कोणाच्या गट नंबरांत, तर दोघांच्या बाकींतच फरक होता. कोणी रागावलें नाहीं. उलट, आपणांस विचारलें ह्याचें लोकांस समाधान वाटलें.

त्यानंतर जानेवारीपासून जूनपर्यंत वही आणि यंत्र हीं दोन्ही बरोबर चालविलीं. गटसचिवांस हें काम दुप्पट झालें, हें खरें. म्हणून त्यांच्या हाताखालीं मदतनीस दिला आणि त्याच्या पगाराची तरतूद आधींच अंदाजपत्रकांत केली. मार्चची वसुली आणि खरिपाचें कर्जवाटप हे दोन कसोटीचे प्रसंग दोन्ही रीतींनीं पार पडले आणि प्रत्येक शनिवारीं दोन्ही तेरजा जुळल्या, तेव्हांच जुलैमध्यें वही मिटली. ह्या खेपेस नारळ शेवटीं फोडला.

ही विद्या शिकावी कशी

पुस्तकें आणि शिक्षणक्रम ह्या विषयावर पुष्कळ आहेत, आणि ज्यांच्या मुलांस हा पेशा पत्करावयाचा असेल त्यांनीं ते अवश्य करावे. परंतु संस्थेच्या संचालकास आरंभ करण्यास पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

१. लहान कामावर हात बसवावा. एकदम सर्व संस्था न घेतां केवळ भागधारकांची यादी किंवा एका वाडीचीं कर्जखातीं घ्यावीं. २००१ सालीं अमेरिकेंतील यूटा राज्यांत सतरा तज्ज्ञांनीं एकत्र बसून जीं तत्त्वें जाहीर केलीं, त्यांचाहि रोख हाच आहे कीं, कामाचा लहानसा पण चालणारा भाग लौकर वापरणाऱ्याच्या हातीं द्यावा, त्याचें म्हणणें ऐकावें आणि मग पुढचा भाग करावा. नवें बियाणें सर्व रानांत न पेरतां एका वाफ्यांत पेरून पाहणारा शेतकरी हें तत्त्व पूर्वींपासून पाळीत आला आहे.

२. दर आठवड्यास पंधरा मिनिटांची सभा घ्यावी आणि प्रत्येकास तीनच प्रश्न विचारावे : गेल्या आठवड्यांत काय पुरें झालें, येत्या आठवड्यांत काय होणार, आणि अडचण कोठें आहे. "जवळजवळ झालें" हें उत्तर मान्य करूं नये. काम एक तर झालें आहे किंवा झालेलें नाहीं.

३. अडचण सांगणाऱ्यावर रागावूं नये. ज्या समितींत वाईट बातमी सांगण्याची भीति वाटते, तेथें ती बातमी शेवटच्या दिवशींच कळते.

४. दूधसंस्था, उपसा जलसिंचन संस्था किंवा उत्पादक कंपन्या ज्या वेळीं स्वतःच्या पैशानें आज्ञावली घेतात, त्या वेळीं केवळ भाव पाहूं नये. पैसे टप्प्याटप्प्यानें द्यावे : कांहीं आरंभीं, कांहीं दोन्ही पद्धति बरोबर चालून मेळ बसल्यावर, आणि कांहीं पहिली हिशेबतपासणी झाल्यावर. आपली माहिती आपल्या मालकीची राहील आणि करार संपल्यावर ती वाचतां येईल अशा स्वरूपांत परत मिळेल, हें कलम करारांत असलेंच पाहिजे. नाहीं तर स्वतःच्याच हिशेबासाठीं दुसऱ्याच्या दारांत उभें राहावें लागतें.

५. माहितीची नक्कल रोज काढावी, ती दुसऱ्या इमारतींत ठेवावी, आणि महिन्यांतून एकदां त्या नकलेवरून खरोखर हिशेब उभा राहतो कीं नाहीं तें करून पाहावें. न पाहिलेली नक्कल म्हणजे उगवण न तपासलेलें बियाणें. यंत्र उघडण्याचा गुप्त शब्द प्रत्येकाचा निराळा असावा. सर्वांचा एक असला म्हणजे चूक कोणाची तें कधींच कळत नाहीं.

६. कामाचा दिवस ऋतु पाहून ठरवावा. मार्चची वसुली, मे-जूनचें कर्जवाटप आणि सुगी ह्या दिवसांत बदल करूं नये.

७. एक टिपणवही ठेवावी. काय ठरलें, कोणीं ठरविलें, अंदाज काय होता आणि प्रत्यक्षांत किती दिवस लागले, हें तारीखवार लिहावें. पुढील कामाचा अंदाज ह्याच वहीवरून करतां येतो. आमच्या ह्या वहींत पहिल्या पानावर २०१४ सालच्या चुका लिहिलेल्या आहेत. त्या खोडूं नयेत असा समितीचा ठराव आहे.

वाचकांनीं पाहिलें असेल कीं, ह्या सात गोष्टींत संगणकाच्या पोटांतील कळ कोठेंच आलेली नाहीं. ती कळ जाणणारा मनुष्य पाहिजेच. त्यास योग्य मोबदलाहि दिला पाहिजे. परंतु कामाची हद्द आंखणें, क्रम लावणें, माणसें जोडणें, तपासणें आणि वेळ साधणें हें ज्यास शेतींत करतां येतें, त्यास तें येथेंहि शिकतां येईल. मात्र शिकावें लागेल. आपोआप येणार नाहीं.

ज्या संस्थांचें काम अद्यापि व्हावयाचें आहे, त्यांच्या संचालकांस एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं पुढील मासिक सभेंत एक साधा ठराव करावा : नवी पद्धति चालू होण्यापूर्वीं प्रत्येक सभासदास त्याची बाकी वाचून दाखविली जाईल, आणि दोन्ही तेरजा जुळल्यावांचून जुनी वही मिटली जाणार नाहीं. सभासदांनींहि आपली पावती जपून ठेवावी आणि बोलावणें आलें म्हणजे शेतांतील काम अर्धा दिवस बाजूस ठेवून वाचनास जावें. यंत्रांत चुकून पडलेला एक आंकडा ऐन मृगांत एका घराची पेरणी अडवूं शकतो. तो आंकडा जानेवारींत सांपडला तर एका सहीनें सुधारतो.